स्फोटक ओळखणारा प्रकाश

1863 साली युलियस विल्ब्रांड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने टोल्युइनवर आम्लाची प्रक्रिया करून एक पिवळा पदार्थ बनवला. सुरुवातीला त्याचा उपयोग रंग म्हणून झाला. तो फुटतो आणि भयंकर फुटतो, हे ध्यानात यायला पुढे जवळजवळ तीस वर्षं जावी लागली. तो पदार्थ म्हणजे टीएनटी, अर्थात ट्रायनायट्रोटोल्युइन. 1888 मध्ये आल्बर्ट बाउर टीएनटीच्या जातीची नवी स्फोटकं शोधत होता. त्याच्या हाती लागलेल्या एका रेणूला चक्क कस्तुरीचा वास होता. मग ‘बाउर मस्क’ आणि त्याच्यासारखे नायट्रो-कस्तुरीचे प्रकार अनेक दशकं अत्तरांत आणि साबणांत वापरले गेले. नायट्रोग्लिसरीनचंही असंच. डायनामाइटचा प्राण असलेलं हे द्रव्य छातीतल्या कळेवर औषध म्हणून दिलं जातं. खुद्द आल्फ्रेड नोबेलला अखेरच्या काळात डॉक्टरांनी तेच घ्यायला सांगितलं होतं. आपल्याकडे हृदयरोग्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते, तीही याच कुळातली.

रंग, अत्तर, औषध आणि बॉम्ब हे रसायनशास्त्राच्या वहीत इतके जवळजवळ बसतात. स्फोटक हुंगून काढणारा सेन्सर बनवायला जो बसतो, त्याची खरी कसोटी इथे लागते. प्रवाशाच्या बॅगेत नायट्रो-गट असलेला रेणू आहे एवढं कळून भागत नाही. तो नेमका कोणता, हे कळायला हवं.

स्फोटकांना जवळपास वासच नसतो, असं नेहमी सांगितलं जातं. आकडे पाहिले तर ते पटतंही. 25 अंश सेल्सियसला बंद डब्यात टीएनटी ठेवलं आणि वर साचेल तेवढी वाफ साचू दिली, तरी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे टीएनटीचे दहाच्या आतबाहेर रेणू सापडतात. आरडीएक्स त्याहून कितीतरी मुखदुर्बळ. तिथे हे प्रमाण लाख कोटींमागे जेमतेम पाच. पण हाच हिशेब उलटा करून बघा. एक घनसेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या पेरात मावेल एवढ्या हवेत सुमारे 25 वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे त्या डब्यातल्या तेवढ्याशा हवेतही आरडीएक्सचे सुमारे 12 कोटी रेणू तरंगत असतात. बारा कोटी ही काही लहान संख्या नाही. अडचण एवढीच, की त्यातल्या प्रत्येकाभोवती दुसऱ्या कुणाचे तरी वीस हजार कोटी रेणू आहेत: नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ, डिझेलचा धूर, घाम, डिओडरंट. त्यात बाहेरच्या मोकळ्या हवेत, चिकटपट्टीने गुंडाळलेल्या पुडक्याजवळ, हे प्रमाण आणखी कितीतरी घटतं. माझ्या मते या क्षेत्रातलं मोठं आव्हान संवेदनशीलतेचं कमी आणि निवडकपणाचं जास्त आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांतलं चांगलं संशोधन मुळात याच प्रश्नाशी झुंजत आलं आहे.

कुत्र्याचं नाक हे काम करतं, आणि अफाट करतं. मुंबईकरांना ते सांगायला नको. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातल्या झंजीर या लॅब्रेडोरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढण्यात वाटा उचलला. तो 2000 साली गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप देण्यात आला. पण कुत्रा बहुधा टीएनटी किंवा आरडीएक्सचा नव्हे, त्यांच्यासोबत येणाऱ्या गोष्टींचा वास घेतो. टीएनटी बनवताना उरलेलं डायनायट्रोटोल्युइन, म्हणजे डीएनटी, टीएनटीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उडतं. आरडीएक्सपासून बनवलेल्या सी-4 मधून सायक्लोहेक्झॅनोन नावाचं द्रावक बाहेर पडतं. हे सायक्लोहेक्झॅनोन पीव्हीसी पाइप जोडायच्या सोल्युशनमध्येही असतं. कुत्रा सगळ्या वासांचा मेळ घालून फरक ओळखतो. एकाच रेणूवर भिस्त ठेवणारं यंत्र मात्र प्लंबरला अडवून ठेवेल. कुत्र्यालाही मर्यादा आहेत. तो उन्हात लवकर थकतो, त्याला शिकवायला महिने लागतात, आणि रेल्वेच्या प्रत्येक जिन्यावर एकेक कुत्रा उभा करणं शक्य नाही.

प्रकाशाने हे काम करून घ्यायची कल्पना कशी चालते, ते एका पातळ पापुद्र्यावरून समजून घेऊ. काही पदार्थांवर अतिनील किरण टाकले की ते निळे किंवा हिरवे चमकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. अतिनील प्रकाशाची ऊर्जा घेऊन पदार्थातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि अब्जांश सेकंदाच्या हिशेबात खाली येताना तीच ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतो. आता टीएनटीचा रेणू बघा. त्याच्या षट्कोनी कड्याला तीन नायट्रो-गट चिकटलेले असतात, आणि हे तिन्ही गट कड्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतात. कडं इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलं होतं. असा रेणू चमकणाऱ्या पदार्थाला येऊन टेकला, की वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली उतरण्याआधीच टीएनटीकडे निसटतो. प्रकाश बाहेर पडत नाही. जिथे टीएनटी आलं, तिथे उजेड विझला.

पण एका रेणूने एका रेणूचा उजेड विझवला, तर तो कुणाच्या लक्षात येणार? अमेरिकेतल्या एमआयटीमधले टिमोथी स्वॅगर यांनी 1990 च्या दशकात यावर तोडगा काढला. त्यांनी सुटे रेणू न घेता एकमेकांत इलेक्ट्रॉनांचा मार्ग खुला असलेली लांबलचक बहुवारिक साखळी घेतली. अशा साखळीवर प्रकाश पडला की मिळालेली ऊर्जा एका जागी बसत नाही. तिच्या अल्पशा आयुष्यात ती साखळीवरच्या शेकडो जागांवरून फिरते. त्यांपैकी कुठल्याही एका जागी टीएनटी बसलेलं असलं, तर ती तिथे अडकते आणि सगळ्या फेरीचा उजेड जातो. एकाच पाहुण्याने शेकडो जागांची चमक घालवली, म्हणजे खूण तेवढ्या पटींनी मोठी झाली.

दुसरी अडचण जास्त व्यावहारिक होती. अशा साखळ्या काचेवर पसरल्या की त्या एकमेकींना चिकटून आपापली चमक स्वतःच मारतात. म्हणून स्वॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीला पेंटिप्टिसीन नावाचे, काटकोनात उभे राहणारे जाडजूड गट जोडले. या गटांमुळे साखळ्या एकमेकींपासून लांब राहिल्या आणि मध्ये टीएनटी शिरेल एवढ्या पोकळ्या तयार झाल्या. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात सर्वांत पातळ पापुद्रा जेमतेम अडीच नॅनोमीटर जाडीचा होता, म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. साध्या तापमानाला टीएनटीची वाफ लागताच अर्ध्या मिनिटात त्याची चमक निम्म्याच्या आसपास आली. त्याच तंत्रावर ओक्लाहोमातल्या नोमॅडिक्स कंपनीने ‘फिडो’ हे हातात धरायचं यंत्र बनवलं. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांनी ते वापरलं. यंत्राला कुत्र्याचं नाव दिलं, यात त्यांची महत्त्वाकांक्षा दिसते.

हा पापुद्रा टीएनटीवर विझतो, तसा डीएनटीवरही विझतो, आणि इलेक्ट्रॉनांसाठी भुकेल्या इतर काही रेणूंवरही थोडाफार विझतो. शिवाय विझणं हीच खूण असल्याने दिवा म्हातारा झाला, पापुद्रा उन्हाने फिका पडला किंवा भिंगावर धूळ बसली, तरी उजेड कमीच दिसणार. त्यामुळे पुढच्या संशोधकांनी विझण्यापेक्षा रंग बदलण्याकडे मोर्चा वळवला, आणि इथे नॅनोकण कामाला आले.

क्वांटम डॉट हे अर्धवाहकाचे दोन ते सहा-सात नॅनोमीटरचे स्फटिक. त्यांचा रंग पदार्थापेक्षा आकारावर ठरतो. मोठा कण लाल चमकतो, लहान कण हिरवा. यांच्या शोधाबद्दल मुंगी बावेंडी, लुई ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2011 साली चीनमधल्या एका गटाने लाल डॉट वाळूच्याच जातीच्या सिलिकाच्या गोळीत बंद केले आणि त्या गोळीच्या पाठीवर हिरवे डॉट चिकटवले. हिरव्यांवर अमाइन गटांचं आवरण दिलं. अमाइन हा इलेक्ट्रॉन देणारा गट. टीएनटी त्याला भेटलं की दोघांची एक लालसर जोडी जमते, तिला माइझनहायमर संयुग म्हणतात. ही जोडी नेमका हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे हिरव्या डॉटची ऊर्जा तिच्याकडे जाते. आतले लाल डॉट सिलिकाच्या कवचामुळे सुरक्षित राहतात आणि तसेच चमकत राहतात. अतिनील दिव्याखाली पिवळट-हिरवी दिसणारी खूण हळूहळू लाल होते. दिवा मंद झाला तर दोन्ही रंग सारखेच मंद होतील, प्रमाण बदलणार नाही. लाल रंग हा इथे हाताशी ठेवलेला साक्षीदार आहे. निवडकपणाही वाढला, कारण अमाइनशी अशी पक्की जोडी जमवायला कड्यात टीएनटीइतकीच भूक लागते. दोन नायट्रो-गटांचं डीएनटी तेवढं झुकत नाही.

इथे मला एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या विषयावरचे असंख्य शोधनिबंध ‘पिक्रिक आम्लाचा अतिनिवडक सेन्सर’ असं शीर्षक घेऊन येतात, आणि त्यांत भारतीय प्रयोगशाळांचे निबंधही पुष्कळ आहेत. पिक्रिक आम्ल द्रावणात सहज विरघळतं, हाताळायला तुलनेनं सोपं आहे, आणि त्यावर प्रयोग छान येतात. पण पिक्रिक आम्ल स्वतःच पिवळंजर्द असतं. ज्या अतिनील आणि निळसर प्रकाशाने आपण सेन्सरला चमकवतो, तोच प्रकाश ते वाटेतच गिळतं. मग कुपीतली चमक कमी होते ती सेन्सरने पिक्रिक आम्लाला ओळखलं म्हणून नव्हे, तर दिव्याचा उजेड सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही म्हणून. टीएनटी किंवा डीएनटी तेवढे पिवळे नसल्याने ते मागे राहतात, आणि आलेख ‘निवडक’ दिसतो. हे तपासायचा मार्ग आहे. चमक किती कमी झाली हे बघण्याबरोबर ती किती वेळ टिकते, हेही मोजावं. उत्तेजित रेणूचं आयुष्य जसंच्या तसं राहिलं असेल, तर धडकेने ऊर्जा हिसकावली गेली असा दावा करता येत नाही. शोषणाची दुरुस्ती करून आकडे पुन्हा मांडावेत. तरुण संशोधकांनी हे दोन प्रयोग केल्याशिवाय ‘निवडक’ हा शब्द वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

निवडकपणा एवढा का महत्त्वाचा? मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज 70 लाखांच्या घरात प्रवास होतात. प्रत्येक प्रवाशाला तपासणारं यंत्र समजा हजारात एकदाच चुकीचा बझर वाजवत असेल. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा अभिमानाने छापला जाईल. तरीही दिवसाला 7,000 खोटे बझर वाजतील, आणि त्यांतला खरा शोधायचा झाला तर वर्षाकाठी एकही खरा नसण्याची शक्यताच जास्त. दोन दिवसांत रक्षक बझरकडे लक्ष देणं सोडून देईल. त्यात खोटे बझर पडायला कारणंही भरपूर. दिवाळीत फटाके उडवलेल्या हातांना नायट्रेट लागलेलं असतं, शेतातून आलेल्या माणसाच्या चपलेला खत. विहिरीसाठी सुरुंग लावणारा कामगार गावी जाताना हात धुऊन निघाला तरी नखांत काहीतरी राहतं. त्याला संशयित ठरवणारं यंत्र अन्याय करतं आणि ते समाजाने खपवून घेता कामा नये.

नायट्रेट आणि नायट्रेट यांतला फरक ओळखायला प्रकाशाचंच आणखी एक तंत्र आहे, आणि त्याला भारतीय शास्त्रज्ञाचं नाव आहे. 1928 साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवलं, की पदार्थावर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो, आणि हा बदल त्या रेणूच्या थरथरण्यावर ठरतो. प्रत्येक रेणूचा वर्णपट वेगळा. आरडीएक्सची एक ठळक रेषा 885 च्या आसपास असते. फटाक्यांतल्या पोटॅशियम नायट्रेटची रेषा 1050 च्या जवळ पडते, तर खाणीतल्या स्फोटकांत आणि घातपातांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटची 1043 च्या जवळ (हे आकडे प्रति सेंटीमीटर या एककात). फरक सात-आठ घरांचा, पण चांगलं यंत्र तो सहज वाचतं. फटाका आणि बॉम्बचं सामान यांच्यात निवाडा करणारा हा फरक आहे.

रामन प्रकाश मात्र अतिशय क्षीण असतो. लाखो-कोट्यवधी प्रकाशकणांत एखादा असा परततो. 1970 च्या दशकात दिसून आलं, की खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा हा प्रकाश लाखो पटींनी वाढतो. चांदी-सोन्याचे नॅनोकण एकमेकांच्या अगदी जवळ आले, की त्यांच्यातल्या काही नॅनोमीटरच्या फटीत प्रकाशाचं क्षेत्र प्रचंड तीव्र होतं. फटीत सापडलेला रेणू ओरडूनच आपलं नाव सांगतो. हैदराबाद विद्यापीठातल्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन केंद्रात लेझरने धातू झिजवून असे कण बनवण्याचं आणि ते साध्या गाळणकागदावर बसवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. असा कागद स्वस्त पडतो, आणि त्याने सुटकेसचं हँडल पुसून तोच यंत्राखाली धरता येतो. अजून अडचण आहे ती एकसारखेपणाची. कागदाच्या एका कोपऱ्यात कण दाट बसले आणि दुसऱ्यात विरळ, तर एकाच नमुन्याचे दोन आकडे येतात.

पुण्यात पाषाणजवळ सुतारवाडीला संरक्षण संशोधन संस्थेची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर ‘रेडर-एक्स’ हे यंत्र बनवलं आणि मार्च 2020 मध्ये पुण्यातल्याच कार्यशाळेत ते दाखवलं. दोन मीटर अंतरावरून वीस स्फोटकं ओळखता येतात, असं त्या वेळी जाहीर करण्यात आलं. सरमिसळ असलेले नमुनेही त्यात धरले होते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पवईतल्या आयआयटीच्या छत्राखाली वाढलेल्या नॅनोस्निफ कंपनीने पुढच्या वर्षी ‘नॅनोस्निफर’ आणलं. ते प्रकाशावर चालत नाही, रेणू चिकटल्यावर बदलणाऱ्या सूक्ष्म तरफांवर चालतं.

टीएटीपी या स्फोटकाने सगळ्यांचीच झोप उडवली. त्यात नायट्रो-गट नाही, षट्कोनी कडं नाही, रंग नाही. प्रतिदीप्तीवर चालणारे पापुद्रे त्याला ओळखतच नाहीत. डिसेंबर 2001 मध्ये रिचर्ड रीडने विमानात बुटात लपवून नेलेल्या स्फोटकाची पेटवण टीएटीपीची होती. इलिनॉय विद्यापीठातल्या केनेथ सस्लिक यांनी 2010 मध्ये दुसऱ्या दिशेने वाट काढली. हवा आधी आम्लाच्या दाण्यांवरून नेली की टीएटीपी मोडून त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि ते रंगांच्या ठिपक्यांच्या पट्टीवर पडतं. एकही ठिपका एकट्याने उत्तर देत नाही, सगळ्यांच्या रंगबदलाचा नमुना मिळून देतो. गोडा मसाला आणि मालवणी मसाला, दोन्हींत धणे-लवंग-दालचिनी असतात, तरी डब्याचं झाकण उघडताच घरातलं माणूस चुकत नाही, तसंच. अब्जात दोन इतक्या प्रमाणापर्यंत टीएटीपी या पट्टीने पकडलं.

जीवसृष्टीकडूनही रेणू उसने घेतले गेले. एमआयटीतल्याच मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने 2011 मध्ये भुंग्यासारख्या जाड माशीच्या विषातलं बॉम्बोलिटिन हे प्रथिनखंड कार्बनच्या नॅनोनळीभोवती गुंडाळलं. स्फोटकाचा रेणू आला की प्रथिन आपली घडी बदलतं आणि नळीच्या अवरक्त प्रकाशाचा रंग सरकतो. उजेड कमी होत नाही, जागा बदलतो, म्हणून धूळ आणि मंद दिवा यांनी फसत नाही. 2016 मध्ये त्यांनी या नळ्या पालकाच्या पानांत भरल्या. मुळांजवळच्या पाण्यातलं पिक्रिक आम्ल दहाएक मिनिटांत पानापर्यंत चढलं आणि पानाकडे रोखलेल्या साध्या कॅमेऱ्याने ते टिपलं. नळ्यांचा दुसरा, स्फोटकाला प्रतिसाद न देणारा संच साक्षीदार म्हणून त्याच पानात ठेवला होता.

अमोनियम नायट्रेट मात्र अजून प्रतिदीप्तीला दाद देत नाही. ते मीठ आहे, इलेक्ट्रॉन खेचणारं कडं त्यात नाही, आणि ते उडताना अमोनिया आणि नायट्रिक आम्लात मोडतं. अमोनिया शोधायचा म्हटलं, तर तो स्थानकातल्या प्रत्येक मुतारीत आहे. म्हणून तिथे वास सोडून पुसून घेतलेल्या कणाचाच रामन वर्णपट वाचणं हाच आजचा भरवशाचा मार्ग.

यंत्राची चाचणी आंधळी असायला हवी. नमुना कुणी ठेवला, कुठे ठेवला, हे चालवणाऱ्याला ठाऊक नसावं. एडीई 651 नावाच्या एका पोकळ डबीवर इराकने अमाप पैसा उधळला. चेकपोस्टवर ती हातात धरून जवान गाड्या सोडत होते. आत काहीच चालत नव्हतं. विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एक दिवस आंधळी चाचणी घेतली असती, तरी ते उघडं पडलं असतं. आपल्याकडे तर चाचणी जुलैत घ्यायला हवी. मुंबईच्या दमट हवेत कित्येक पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, आणि कोरड्या प्रयोगशाळेतले आकडे तिथे टिकत नाहीत.

1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मरण पावले. तिथल्या प्रश्नाची तऱ्हा विमानतळापेक्षा वेगळी आहे. स्फोटक जमिनीखाली असतं, वरून महिनोन्‌महिने पाऊस पडलेला असतो, आणि मातीतले जिवाणू टीएनटीचे नायट्रो-गट एकामागून एक अमाइनमध्ये बदलत असतात. म्हणजे वर येणारा रेणू टीएनटी उरलेलाच नसतो. त्या बदललेल्या रेणूला ओळखणारा आणि तरीही खत घातलेल्या भातखाचराच्या वासाला न भुलणारा सेन्सर बनवायचा आहे. आजही रस्ता मोकळा करणारी तुकडी मेटल डिटेक्टर, कुत्रा आणि उकरलेली माती ओळखणारे अनुभवी डोळे यांच्या भरवशावर पायी पुढे जाते, आणि प्लास्टिकच्या डब्यात भरलेल्या सुरुंगात मेटल डिटेक्टरला सापडण्याजोगा धातू जवळपास नसतो.